तिकडून हॅलो आला का?

अक्कांच्या खात्यातले पैसे बुडाले नाहीत. त्यांनी ते परत केले.

एवढं आधी लिहून ठेवते. पुढचं सगळं मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. कॉलेजात ती गोष्ट अजून उलटीच सांगितली जाते. कॉमर्सच्या एका पोरीच्या नादी लागून एक म्हातारी क्रिप्टोत पेन्शन घालवून बसली, अशी. ती पोरगी मी. नादी लागल्या हे खरं आहे. बाकीचं नाही.

जळगावात बी.कॉम.ची तीन वर्षं मी अक्कांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिले. आमचं गाव पारोळ्याकडचं, कोरडवाहू. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. खोली बघायला आले तेव्हा दार वाजवायलाही धीर होत नव्हता. शेवटी कडी वाजवली तर आतून खणखणीत आवाज आला, "बोला, कोण हवंय?"

मी घाबरून म्हणाले, "खोली."

"खोली बोलत नसते. तिकडून कोण बोलतंय?"

अक्का टेलिफोन ऑपरेटर होत्या. आधी पाचोऱ्याला, मग धुळ्याला. ट्रंक कॉलच्या काळात बोर्डासमोर उंच स्टुलावर बसून, कानाला यंत्र लावून त्यांनी लोकांची बोलणी जोडली. एक्सचेंज बदललं तेव्हा भंगाराच्या लिलावात तो स्टूल त्यांनी विकत घेतला आणि घरी आणला. त्यावर बसूनच त्या भाजी निवडत. पाय जमिनीला टेकत नसत.

मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला असे. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा धरत, म्हणून अक्कांच्या घरात कुठलंही बोलणं तीन मिनिटांचंच असे. शेजारीण सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आली की त्या मान हलवत ऐकत आणि मधेच मनगट उलटं करून म्हणत, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं आहे का?" वाढवायचं असेल तर निवडायची भाजी पुढे सरकवत. वर्गणी मागायला आलेल्या मंडळाच्या पोरांना त्यांनी एकदा असंच अर्ध्या वाक्यात तोडलं होतं. पोरं म्हणाली, "अक्का, देवाचं काम आहे." अक्का म्हणाल्या, "देवाला सांगा, लाईन बिझी आहे."

पण त्यांचं खरं वाक्य दुसरंच होतं. मी गॅससाठी नंबर लावला, फॉर्म भरला, पत्र टाकलं, काहीही सांगितलं की त्या विचारत, "तिकडून हॅलो आला का?" नसेल आला तर काम झालं असं त्या धरतच नसत. म्हणत, "इकडून बोलणारे सगळेच असतात गं. मी तीस वर्षं ऐकलेत."

देवांच्या फोटोंच्या रांगेत त्यांनी एक मेमो फ्रेम करून लावला होता. पाचोऱ्याला असताना एका व्यापाऱ्याचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं. तो पारोळ्याच्या आपल्या माणसाला सांगत होता की, त्या विधवा बाईचा कापूस आज मोजू नको, उद्या भाव पडतोय, उद्या मोज. अक्कांनी कॉल संपू दिला. मग पारोळ्याला दुसरा जोडून त्या बाईपर्यंत निरोप पोचवला. बाईने कापूस त्याच दिवशी दुसरीकडे घातला. व्यापाऱ्याने तक्रार केली. दोन ग्राहकांमधील संभाषण तिसऱ्या व्यक्तीस कळवल्याबद्दल ताकीद, असा तो कागद होता. मी एकदा विचारलं, "अक्का, हा का लावलाय?" त्या म्हणाल्या, "नोकरीत मिळालेलं एवढंच प्रमाणपत्र खरं आहे."

तिसऱ्या वर्षाला सरांनी सेमिनारचे विषय वाटले. माझ्या वाट्याला आला, 'सामान्य माणसाला पैसे पाठवण्यासाठी आभासी चलन कितपत उपयोगी'. मला आनंदच झाला, कारण पैसे पाठवण्यावर तर आमचं घर चालत होतं. माझा दादा आखातात एसी बसवायच्या कामावर आहे. शुक्रवारी सुट्टी असली की तो पैसे पाठवायच्या काउंटरवर रांगेत उभा राहायचा. अर्धा दिवस रांगेत जायचा, वर त्यांचं कमिशन. पैसे माझ्या खात्यात यायचे, मी ते काढून गावी आईला नेऊन द्यायची. आईचं खातं होतं, पण गावातल्या यंत्रावर तिचा अंगठा उठायचा नाही. शेणगोठा आणि कापूस वेचणी करून रेषाच राहिल्या नव्हत्या.

मी अक्कांना वाचून दाखवलं. या चलनात मधे बँक नाही, काउंटर नाही, कमिशन नावापुरतं, दहा मिनिटांत जगात कुठेही.

अक्कांनी हातातली गवार खाली ठेवली. "मधे कोणीच नाही?"

"नाही."

"ऐकणारं?"

"कोणी नाही, अक्का."

अक्कांनी तीन मिनिटं होऊन गेली तरी मनगट उलटं केलं नाही. मग म्हणाल्या, "मी तीस वर्षं मधे बसले पोरी. मधला माणूस ऐकतोच. मनात आलं तर तोडतो. त्याच्याशिवाय होत असेल तर मला बघायचंय."

"अक्का, मला फक्त फायदे-तोटे लिहायचे आहेत."

"लिहून काय होतंय? पाठवून बघ."

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला स्वतःलाच बघायचं होतं. शिकलेली असल्याचा घराला काहीतरी उपयोग व्हावा, असं फार वाटायचं तेव्हा.

आणि त्याच वेळी घरी एक मोठी गोष्ट चालली होती. आई मळेवाल्या भाऊंकडे शेणगोठ्याच्या कामाला सालाने होती. आमच्याकडे साल अखाजीला बदलतं. अक्षय्य तृतीयेच्या दिवशी पुढच्या सालाला हो म्हटलं की वर्षभर सुटका नाही. गावात नानांची पिठाची चक्की विकायला निघाली होती, नाना मुलाकडे नाशिकला जाणार होते. दादाने दोन हप्ते आधीच दिले होते. तिसरा, चाळीस हजारांचा, अखाजीच्या आत द्यायचा ठरला होता. तो दिला की चक्की आमची आणि आईचं साल बंद. नाही दिला तर नाना दुसरं गिऱ्हाईक बघणार होते. तो तिसरा हप्ता दादाने क्रिप्टोतून पाठवायचा असं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे मी. विकताना कर कापला जातो आणि घेणारा अनोळखी असतो, हेही माझ्या वहीत होतं. बारीक अक्षरात.

खातं कोणाचं वापरायचं, यावर अक्का अडून बसल्या. "तुझ्या खात्यात स्कॉलरशिप येते. त्याला हात लावायचा नाही. माझ्या नावाने कर."

"तुमची पेन्शन येते ना त्यात?"

"येऊ दे. तिला काय परीक्षेला बसायचंय?"

मग त्यांच्या नावाने अ‍ॅप उघडलं. आधार, पॅन, फोटो. अ‍ॅपने डोळे मिचकावायला सांगितलं. अक्का म्हणाल्या, "मी अनोळखी माणसाकडे बघून डोळे मिचकावत नाही." चार वेळा नापास झाल्या. पाचव्या वेळी मी फोडणीत मिरची टाकली तेव्हा कुठे जमलं.

अखाजीला बारा दिवस होते. दुपारी दादाने तिकडून पाठवलं आणि खरंच, आमच्या भाकरी होईपर्यंत अक्कांच्या फोनवर आकडा उमटला. मी ओरडलेच. "अक्का, पोचले!"

"हॅलो आला का?"

"आला ना, हे बघा."

"कुठे आला?"

"फोनमध्ये."

"तुझ्या आईच्या हातात?"

"नाही, पण..."

"मग रिंग वाजतेय फक्त," अक्का म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

त्या चलनाने गावात नाना चक्की देणार नव्हते. त्याचे रुपये करायचे होते. अ‍ॅपवर घेणाऱ्यांची यादी होती. पाच चांदण्यांचा एक निवडला, नावाच्या जागी सिंहाचं चित्र. अक्कांनी विचारलं, "हा कोण?" मी म्हणाले, "खरेदीदार." "राहतो कुठे?" "ते नसतं, अक्का." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मधे आहे की कोणीतरी. फक्त तोंड लपवून आहे." पण मी बटण दाबलं. सिंहाकडून पैसे खात्यावर आले, आमचं चलन त्याच्याकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी पैसे काढायला गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "खातं फ्रीज आहे." दुसऱ्या राज्यात कोणाची तरी ऑनलाईन फसवणूक झाली होती. फसवलेले पैसे हातोहात फिरत सिंहाकडे आणि सिंहाकडून अक्कांच्या खात्यात आले होते. सायबरची तक्रार आली होती. आता पेन्शनसकट सगळं बंद.

मी अ‍ॅपवर तक्रार केली. उत्तर लगेच आलं, 'आम्ही आपली अडचण समजू शकतो.' पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. अक्का म्हणाल्या, "तिकडे माणूस आहे का?" मी म्हणाले, "यंत्र आहे." "मग फोन ठेव."

त्या रात्री जेवल्या, झोपल्या. मीच रडले. सकाळी बघते तर त्या स्टूल घेऊन रिक्षा थांबवत होत्या.

बँकेत अक्कांनी तो उंच स्टूल मॅनेजरसाहेबांच्या टेबलासमोर ठेवला आणि वर बसल्या. साहेबांना मान वर करून बोलावं लागलं. ते वाईट नव्हते. "आजी, आमच्या हातात नाही हो. वरून आलंय."

"अक्का म्हणा. वर म्हणजे कुठे? नंबर द्या."

"असा नंबर नसतो."

"मी पाचोऱ्याहून बोर्डावर बसून गुवाहाटी लावलेली आहे. नंबर असतो."

चार दिवस त्या रोज गेल्या. साहेब काही समजावू लागले की मनगट उलटं, "तीन मिनिटं झाली, अजून नंबर नाही." चौथ्या दिवशी शिपाई त्यांच्यासाठी आपणहून चहा घेऊन आला आणि साहेबांनी तपास करणाऱ्या त्या परराज्यातल्या पोलिसांचा नंबर मिळवून दिला.

अक्कांनी फोन लावला. आपल्या हिंदीत विचारलं, "पैसे किसके थे?"

तिकडून कळलं ते असं. एका रिटायर शिक्षिकेचे. फोनवर कोणीतरी वीजबिलाचं भय घालून काढून घेतले होते.

अक्कांनी फोन ठेवला. रांगेतला एक वकील म्हणाला, "अक्का, तुमची चूक काहीच नाही. तुम्ही माल देऊन पैसे घेतलेत. सोडू नका, लढा." काउंटरवरचा मुलगाही तेच म्हणाला. मलाही, खरं सांगते, तसंच वाटलं. चाळीस हजार म्हणजे माझ्या आईचं एक साल होतं.

अक्का म्हणाल्या, "कागद आणा. ते पैसे त्या बाईला जाऊ द्या, माझी हरकत नाही, असं लिहून देते."

"अक्का, पण दादाचे?" मी म्हणाले.

"तुझ्या दादाचे पैसे सिंहाने नेले. हे तिचे आहेत. ते मी तुझ्या आईला कसे देऊ? चक्कीत काय दळशील मग?"

आणि सही केली. म्हणून म्हणते, बुडाले नाहीत, परत केले. हा फरक ज्याला कळत नाही त्याने कॉलेजच्या ग्रुपवर हसावं. मला आता त्याचं काही वाटत नाही.

सेमिनार पुढे जूनमध्ये झाला. मी हे सगळं सांगितलं. सर म्हणाले, "निष्कर्षात दोन्ही बाजू याव्यात. आणि वैयक्तिक उदाहरण नको." तरी मी निष्कर्ष बदलला नाही. मी लिहिलं होतं: पैसे फोनपर्यंत पोचतात, माणसापर्यंत पोचवायला माणूसच लागतो, आणि तो कोण हे कळायला हवं. जगात कुठे बँकच नसेल, तिथे कोणाला याचा आधार होत असेलही. मला माहीत नाही. मी पारोळ्याकडच्या एका बाईपुरतं सांगतेय, जिचा अंगठा उठत नाही. सरांनी गुण कापले. कापोत.

तर अखाजीच्या आदल्या दिवशी खातं अजून बंदच होतं. कागद सही झाला तरी उघडायला महिना गेला. अक्का म्हणाल्या, "चल तुझ्या गावी." एसटीत स्टूल चढवताना कंडक्टर म्हणाला, "अक्का, याचं लगेज लागेल." अक्का म्हणाल्या, "याचं हाफ तिकीट द्या, हा उभाच राहणार आहे." अख्खी गाडी हसली, मी सोडून.

नाना चक्कीच्या ओट्यावर बसले होते. आई बाजूला उभी. तिला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. ती मला एक शब्द बोलली नव्हती, तेच जास्त लागत होतं. अक्कांनी स्टूल मांडला, नानांना घडलं ते सगळं न लपवता सांगितलं, आणि म्हणाल्या, "तिसरा हप्ता आज नाही. चार महिन्यांत चार भाग करून देऊ. हिचा मुलगा तिकडून पैसे धाडेल, मी ते तुम्हाला नाशिकला पोचवीन. मधे मी."

नाना म्हणाले, "तुमचंच खातं बंद. तुम्ही काय पोचवनार?"

"म्हणूनच. बंद पडलं की कुठे बसायचं, ते मला आता पाठ आहे."

"आन नही उनात पैसा तर?"

अक्कांनी माझ्या वहीचं पान फाडून त्यावर नाव, गल्ली, घर नंबर लिहिला. "जळगावला या. माझ्या दारात उभे राहा आणि ओरडा."

"ओरडनू तर काय कराल?"

"तीन मिनिटं ऐकून घेईन."

नाना हसले नाहीत. पान दोनदा वाचलं, घडी करून टोपीत ठेवलं. "आनखी काही? जामीन म्हनून?"

अक्का स्टुलावरून उतरल्या. तो त्यांनी नानांपुढे सरकवला. तीस वर्षं त्यावर बसलेली बाई जमिनीवर पाय टेकवून उभी होती. केवढी ठेंगणी आहे ही, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

नाना म्हणाले, "हाऊ स्टूल लई मी काय करू?"

"बसा."

नानांनी तो उचलला, आत नेऊन चक्कीशेजारी ठेवला आणि आईच्या हातात किल्ली दिली. "आठेच राहू दे. दळनारीले कामे ई." दळणारीच्या, म्हणजे आईच्या, कामी येईल म्हणाले.

अक्का रात्री आमच्याकडेच राहिल्या. अखाजीच्या सकाळी आईने पूर्वजांच्या नावाने घागर भरली, सांजोऱ्या तळायला घेतल्या. तेवढ्यात मळेवाले भाऊ दारात आले. दरवर्षी यायचे तसेच, न बसता.

"काय मग, साल धरना ना?"

आईने हात पुसले. आई भाऊंपुढे मान वर करून बोललेली मी कधी पाहिली नव्हती.

"नही," आई म्हणाली.

"नही म्हनजे? आते या दिवसले मी कोन देखू?"

"देखा कोनी. मन्ही चक्की शे."

भाऊंनी एकदा माझ्याकडे, एकदा अक्कांकडे बघितलं. "पैसा पुरा दिधा नही म्हने, अशी ऐकं मी."

"दिसू. तुमना नही ना शेत त्या?" देईन, तुमचे तर नाहीत ना ते, असं तिने सरळ विचारलं.

ते वळले. आई दारातच उभी. आतून खुर्चीवर बसलेल्या अक्कांनी मनगट उलटं केलं.

"दीड मिनिट," त्या म्हणाल्या. "अजून दीड मिनिट शिल्लक आहे तुझं. आणखी काही बोलायचंय का?"

आई अंगणात उतरली आणि गल्लीच्या टोकाला पोचलेल्या भाऊंना तिने हाक मारली, इतक्या मोठ्याने की दोन घरांची माणसं बाहेर आली.

"ओ भाऊ! दळन धाडजा. पन नंबर लावना पडी!"

गल्लीच्या टोकावरून, मागे न बघताच, भाऊंनी हात वर केला. "हां, हां."

अक्कांनी मनगट सरळ केलं. "आला," त्या म्हणाल्या आणि सांजोरीला हात घातला.